गोळीचं पाकीट उलटं करून वाचा: घरातल्या औषधांचा डबा कसा लावायचा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या औषधाच्या दुकानात रोज आठ-दहा माणसं तरी रंगावरून गोळी मागतात. "वैनी, मागं दिल्ती ती पिवळी गोळी द्या की." "ताई, अंग लई कसकसायलंय, जरा पॉवरची काहीतरी द्या." २२ वर्षं मी या काउंटरमागं उभी आहे आणि रंगावरून एकदाही गोळी दिलेली नाही. माझ्या मांडणीत पिवळ्या गोळ्या ढीगभर आहेत. त्यातली एक पित्ताची आहे, एक व्हिटॅमिनची आहे आणि एक रक्त पातळ करणारी आहे.

म्हणून आज एक काम करा. घरातला औषधांचा डबा बाहेर काढा. बहुतेक घरांत तो बिस्किटांचा जुना डबा असतो, नाहीतर साडीच्या दुकानातली पिशवी. सगळं वर्तमानपत्रावर ओता, चष्मा लावा आणि एकेक पाकीट उलटं करा. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. त्याखाली किंवा मागं, मुंगीएवढ्या अक्षरात असतं ते खरं औषध. आपल्याला ते बारीक नाव हवंय. पुढचं सगळं त्या एका नावावर चालतं.

तापाची गोळी, तीन नावांनी

गेल्या पावसाळ्यात शिवाजी पेठेतले एक रिक्षावाले काका आले. ताप चार दिवसांचा, डोळे लाल, उभं राहवत नव्हतं. मला म्हणाले, "गोळ्या खाऊन खाऊन कटाळलो, ताप हटंना." खिशातून तीन पाकिटं काढली. एक तापाची, एक सर्दीची, एक अंगदुखीची. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेली. मी ती काचेवर ओळीनं मांडली आणि लाल पेनानं तिन्हींवरच्या एकाच शब्दाखाली रेघ ओढली: पॅरासिटामॉल.

मग तिथंच बिलाच्या मागं हिशेब मांडला. तापाची ६५० मि.ग्रॅ.ची गोळी दिवसात चार वेळा, म्हणजे २६००. सर्दीच्या गोळीत ५००, ती तीन वेळा, म्हणजे १५००. अंगदुखीच्या गोळीत ३२५, ती दोनदा, म्हणजे ६५०. एकूण ४७५०. धडधाकट मोठ्या माणसासाठी दिवसाची शेवटची हद्द ४००० आहे, आणि रोज दारू घेणाऱ्याला, लिव्हरचा त्रास असणाऱ्याला किंवा दोन दिवस पोटात अन्न नसलेल्याला त्याहून बरीच कमी. काका त्या चार दिवसांत जेवले जेमतेम होते. त्यांना मी गोळी दिली नाही, रक्त तपासायला आणि दवाखान्यात पाठवलं.

पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदूत काम करतं. ताप म्हणजे मेंदूनं अंगाची शेगडी मुद्दाम मोठी केलेली असते, ही गोळी ती थोडी बारीक करते. तापाचं मूळ कारण ती काढत नाही, म्हणून चार-सहा तासांनी ताप पुन्हा चढला तर गोळी "लागू पडली नाही" असं समजू नका. पोटाला ती फारशी त्रास देत नाही. तिचा सगळा भार लिव्हरवर. लिव्हर तिचा बहुतेक भाग निमूट बाहेर टाकतं, पण थोडा भाग विषारी होतो आणि तो मारायला लिव्हरजवळ ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. साठा संपला की ते विष लिव्हरच्याच पेशींना धरतं. वाईट हे की पहिल्या दिवशी थोड्या मळमळीपलीकडं काही कळत नाही. चुकून जास्त गोळ्या गेल्या, विशेषतः लहान मुलानं खाल्ल्या, तर लक्षणांची वाट बघू नका. यावर अॅसिटाइलसिस्टीन नावाचा उतारा आहे आणि तो पहिल्या ८ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो.

रीत अशी. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५०, दोन डोसांत कमीत कमी ४ तास, शक्यतो ६ तास अंतर. त्या दिवशी दुसरी कुठलीही गोळी घेताना तिच्यावर हा शब्द आहे का ते बघायचं. तीन दिवसांत ताप उतरला नाही तर अंगावर काढायचा नाही.

लेकरांचं मात्र वजनावर चालतं, वयावर नाही. दर किलोला एका वेळी १० ते १५ मि.ग्रॅ. आणि इथं एक सापळा आहे तो नीट समजून घ्या. तान्ह्या बाळाचे थेंब असतात त्यात सहसा १ मिलीत १०० मि.ग्रॅ. औषध असतं. पातळ औषधाच्या मोठ्या बाटलीत ५ मिलीत १२० किंवा १२५, आणि काहींत २५०. आता आजीनं थेंबांच्या बाटलीतलं औषध चहाच्या चमच्यानं पाजलं तर एका चमच्यात ५०० मि.ग्रॅ. जातं. आठ किलोच्या बाळाला लागतं ८० ते १२०. म्हणून ज्या बाटलीचा ड्रॉपर त्याच बाटलीला, जिचं झाकण-माप तिलाच. घरातला चमचा औषधाला वापरूच नका, प्रत्येक घरचा चमचा वेगळा.

गुडघेदुखीची गोळी

हे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण हे आमच्याच घरात घडलं.

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे. तरुणपणी तालमीत लाल मातीत घुमलेला माणूस. साठीनंतर दोन्ही गुडघे बोलायला लागले. दुकान त्यांनीच उभं केलेलं, त्यामुळं गोळी कुणाला मागायची गरज नव्हती. गल्ल्याशेजारच्या खणातून डायक्लोफिनॅक ५० काढायचे, सकाळी एक, रात्री एक. मला वाटायचं, कधीमधी घेत असतील. बीपीची टेल्मिसार्टन आणि लघवी होण्याची गोळी त्यांना आधीपासून सुरू होतीच. दहा महिन्यांनी त्यांच्या पायावर बोट दाबलं की खळगा पडायला लागला. तोंडाची चव गेली. तांबड्या रश्शाची वाटी पुढं सरकवून म्हणाले, "नको पोरी, वास सोसंना." रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा, ३.१. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "दुखण्याची गोळी किती दिवस चालू आहे?" गोळी बंद केली, आकडा हळूहळू १.९ वर आला, तिथंच थांबला. किडनीचं जे गेलं ते परत आलं नाही.

असं का होतं ते ऐका. शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं. सूज आणि ठणका त्यांच्यामुळंच. पण हीच द्रव्यं जठराच्या आतल्या अस्तराला आम्लापासून राखतात आणि किडनीकडं जाणारी रक्ताची वाट उघडी ठेवतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक, नेप्रोक्झेन ही सगळी औषधं ही द्रव्यं बनवणंच थांबवतात. अॅस्पिरिन नेमकं असं काम करतं हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ठणका थांबतो तो यामुळं, आणि पोटात अल्सर होऊन काळी शी होते तीही यामुळंच. बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवीची गोळी आणि ही दुखण्याची गोळी अशा तीन एकत्र आल्या की किडनी तिन्हीकडून कोंडीत सापडते. मामांचं तेच झालं.

याच डायक्लोफिनॅकनं आपल्याकडची गिधाडं जवळजवळ संपवली. दुखऱ्या जनावराला ते टोचायचे, जनावर मेलं की गिधाडं खायची आणि त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं. हे मी प्रत्येक गुडघेदुखीवाल्याला सांगते, कारण गिधाडाची गोष्ट माणसाच्या लक्षात राहते.

घ्यायचीच वेळ आली तर जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत, दोन-तीन दिवस. बीपी, शुगर, किडनी, दमा, हृदयाचा त्रास, आधी झालेला अल्सर, गरोदरपण, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको. जुलाब-उलट्या चालू असताना नको, शरीरात पाणी कमी असतं तेव्हा किडनी आधीच ओढगस्तीला आलेली असते. आणि पावसाळ्यात, डेंग्यूची साथ असताना, ताप आला तर ही औषधं हातीच धरू नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेव्हा पॅरासिटामॉल आणि पाणी. निमेसुलाईड तर १२ वर्षांखालच्या मुलांना २०११ पासून बंद आहे, तरी जुन्या बाटल्या घरात सापडतात. टाकून द्या.

बारीक डोसाचं अॅस्पिरिन, ७५ मि.ग्रॅ.चं, हा वेगळा मामला आहे. ते दुखण्यासाठी नसतं. रक्तातल्या प्लेटलेटना चिकटू देत नाही, म्हणून अॅटॅक येऊन गेलेल्यांना रोज देतात. त्याचा असर प्लेटलेटच्या आयुष्यभर, म्हणजे आठ-दहा दिवस टिकतो. दात काढायच्या आधी दंतवैद्यांना सांगा की मी हे घेतो. स्वतःच्या मनानं बंद करू नका.

पित्ताची गोळी

झणझणीत मिसळ खाऊन आलेली माणसं माझ्याकडं "पॅन द्या" म्हणत येतात. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल एकाच घराण्यातली. जठराच्या भिंतीत आम्ल सोडणारे बारीक पंप असतात, ही औषधं त्या पंपांना कुलूप घालतात. पण कुलूप चालू पंपालाच बसतं आणि पंप चालू होतात जेवण आलं की. म्हणून गोळी सकाळी अनशापोटी, नाष्ट्याच्या अर्धा तास आधी. मिसळ खाऊन झाल्यावर जळजळ थांबावी म्हणून घेतली तर ती पोहोचेपर्यंत तुमचं दुखणं ओसरलेलंही असतं. तेव्हा उपयोगी पडतं ते पातळ अँटासिड, ते असलेलं आम्ल जागेवर मारतं. ही गोळी चावू नका, फोडू नका, तिच्यावरचं वेष्टण तिला जठराच्या आम्लातून सुखरूप पुढं नेण्यासाठी आहे.

वर्षानुवर्षं रोज घेणारी माणसं मी बघते, चिठ्ठी दोन आठवड्यांची आणि गोळी सहा वर्षं चालू. त्यांच्यात बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. हातापायाला मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. आणि छातीत जळजळीबरोबर घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर ते पित्त धरून बसू नका. १०८ ला फोन करा.

दुधाबरोबर, चहाबरोबर

आपल्या गावात दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात, पेलाभर दुधाबरोबर गोळी घेतली की ती "गरम पडत नाही" असा घरोघरी समज. काही गोळ्यांना त्यानं बिघडत नाही. पण सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेतलं तर दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि त्याचा बराच भाग आतड्यातून रक्तात न जाता शीवाटे बाहेर पडतो. तुम्ही पैसे भरून औषध घेतलं, जंतूंना अर्धंमुर्धंच मिळालं. अशा गोळ्या साध्या पाण्यानं घ्या आणि दूध, दही त्याच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास लांब ठेवा. कॅल्शियमची गोळी आधी घेतली असेल तर मध्ये सहा तास जाऊ द्या.

रक्तवाढीच्या लोहाच्या गोळीचा वैरी चहा. चहातले टॅनिन लोहाला बांधून टाकतात. लिंबूपाण्याबरोबर घेतलीत तर उलट जास्त भिनते. लोहाच्या गोळीनं शी काळी होते, ती भिण्यासारखी नाही.

थायरॉईडची गोळी सर्वांत नाजूक. लेव्होथायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात, म्हणून थोडं कमी भिनलं तरी टीएसएच, म्हणजे थायरॉईडचा रक्तातला आकडा, हलतो. पहाटे उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर घ्या, चहा अर्ध्या-एक तासानं, आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चार तासांनी. माझ्याकडं एक शिक्षिका येतात, त्यांचा डोस तीनदा वाढला होता. मी विचारलं, "मॅडम, गोळी कशी घेता?" म्हणाल्या, "चहाबरोबरच, त्याच्यासोबत कॅल्शियमची पण, म्हणजे विसरायला नको." दोन गोळ्यांच्या वेळा तेवढ्या वेगळ्या केल्या. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी डोस उतरवला.

लाल रेघ आणि माझं रजिस्टर

काही पाकिटांवर उभी लाल रेघ असते. ती दिसली की समजायचं, चिठ्ठीशिवाय हे घ्यायचं नाही. काही अँटिबायोटिक, टीबीची औषधं आणि झोपेच्या गोळ्या यांच्यावर लाल चौकटीत सूचनाही छापलेली असते, त्यांना एच१ म्हणतात. मार्च २०१४ पासून ती विकताना पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव, औषध आणि नग मला रजिस्टरमध्ये लिहावे लागतात आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. म्हणून मी चिठ्ठी मागते तेव्हा रागावू नका.

सर्दी, पडसं, बहुतेक घसादुखी ही विषाणूंची असते. अमॉक्सिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही, अॅझिथ्रोमायसिन त्याचा प्रथिनं बनवण्याचा कारखाना बंद पाडतं. विषाणूला भिंतही नाही आणि कारखानाही नाही. म्हणून त्याला काही होत नाही, मरतात ते तुमच्या पोटातले चांगले जिवाणू, आणि मग जुलाब लागतात. अॅझिथ्रोच्या तीन गोळ्यांचं पाकीट माझ्या काउंटरवर नुसतं मागितलं जातं, मी नाही म्हणते, आणि गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं हेही मला दिसतं. तरी नाही म्हणते. डॉक्टरांनी जेवढे दिवस लिहिलंय तेवढे दिवस घ्या, आणि उरलेल्या दोन गोळ्या शेजारणीच्या लेकाला देऊ नका. पेनिसिलिननं पूर्वी कधी अंगावर पित्त उठलं असेल, ओठ सुजले असतील, तर ते डब्याच्या झाकणावर आतून मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

पुराच्या पाण्यात उतरलेल्यांना लेप्टो, म्हणजे उंदराच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या जंतूंचा ताप, होऊ नये म्हणून आरोग्य केंद्रातून डॉक्सिसायक्लिन देतात. ती पेलाभर पाण्याबरोबर, जेवून घ्या आणि अर्धा तास तरी आडवं होऊ नका. अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजते. गरोदर बाईनं ती आपल्या मनानं घ्यायची नाही.

जुलाबाला पहिलं औषध

जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दिवसांत माझ्याकडं सर्वांत जास्त खपतं ते ओआरएस, आणि ते कसं करायचं हे सर्वांत कमी लोकांना माहीत असतं. पुडीवर पाण्याचं माप लिहिलेलं असतं. मोठी पुडी एक लिटरला, छोटी २०० मिलीला. मोठी पुडी पेल्यात अर्धी-अर्धी घालून पाजणं चूक आहे, मीठ जास्त झालं तर लेकराला अपाय होतो. पाणी उकळून गार केलेलं, पुडी पूर्ण ओतायची, वरून साखर किंवा सरबत घालायचं नाही. २४ तासांत उरलेलं ओतून टाकायचं.

साखर-मिठाचं पाणी ते काय करणार, असं वाटतं ना? जुलाबात आतडं पाणी गळत असतं, तरी त्याच्या भिंतीत एक दार शाबूत राहतं. त्या दारातून मीठ आणि ग्लुकोज जोडीनंच आत जातात, आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. जोडी नसली तर दार उघडत नाही. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांतून वाटलं आणि कॉलऱ्यानं मरणाऱ्यांचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आणलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पाजायचं चमच्या-चमच्यानं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, मोठ्या मुलाला १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. सहा महिन्यांवरच्या बाळाला जोडीला झिंक, २० मि.ग्रॅ., जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खोक्यातली गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते बघून घ्या. जुलाब "बांधायची" लोपेरामाईडची गोळी लहान मुलांना नको, आणि ताप किंवा शीतून रक्त असेल तर मोठ्यांनाही नको. मूल मलूल झालं, लघवी थांबली, डोळे खोल गेले तर थेट दवाखाना.

रोजच्या गोळ्या

बीपी दुखत नाही, म्हणून गोळी सोडली जाते. अॅम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतं, टेल्मिसार्टन त्यांना आवळणारा संदेश अडवतं. गोळी बंद केली की वाहिन्या पुन्हा आवळतात, तुम्हाला काही कळत नाही. अॅम्लोडिपिननं काहींचे घोटे सुजतात, तेव्हा बंद न करता डॉक्टरांना दाखवा. टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी "कमी सोडियमचं" मीठ विचारल्याशिवाय वापरू नये, त्यात पोटॅशियम असतं आणि ही गोळी पोटॅशियम अंगात धरून ठेवते.

शुगरच्या दोन गोळ्यांतला फरक मात्र प्रत्येक घरानं पाठ करावा. मेटफॉर्मिन लिव्हरला जास्त साखर बनवू देत नाही, एकटं असताना ते साखर फारशी खाली पाडत नाही. जेवणाबरोबर घ्या म्हणजे मळमळत नाही, नावापुढं एसआर किंवा ईआर असेल तर तोडू नका. ग्लिमेपिराईड स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढतं, तुम्ही जेवा अथवा न जेवा. नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवसांचे कडक उपवास करणाऱ्या मावश्या दरवर्षी माझ्याकडं येतात. घटस्थापनेच्या आधीच मी त्यांच्या पाकिटावर हा शब्द शोधते आणि सापडला की म्हणते, "मावशी, आधी डॉक्टरांना विचारून गोळीचं ठरवा, मग उपवास धरा." अचानक घाम, हात थरथरणं, चिडचिड, डोळ्यांपुढं अंधारी आली की साखर पडलीय. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा, आणि मग खायला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८.

दम्याच्या पंपाची सवय लागते असं म्हणतात, ते खरं नाही. साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत ४ मि.ग्रॅ. असतं, ते सगळ्या अंगभर फिरतं आणि छाती धडधडते. पंपाच्या दोन फवाऱ्यांत ०.२ मि.ग्रॅ., ते थेट फुफ्फुसात. म्हणजे वीसपट कमी. हलवा, श्वास पूर्ण सोडा, पंपाचं तोंड ओठांत घट्ट धरा, श्वास आत ओढायला लागताच दाबा, सावकाश ओढत राहा आणि मनात दहा मोजेपर्यंत धरून ठेवा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरा, नाहीतर तोंडात बुरशी येते.

नायट्याला बाजारातलं मिश्र मलम लावू नका. मागच्या बारीक अक्षरात क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. खाज दोन दिवसांत जाते, बुरशी आतून पसरत राहते.

डबा परत भरताना

तारीख उलटलेलं बाजूला काढा. पाकिटावर फक्त महिना असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते चालतं. गोळ्या कापताना कात्रीनं तारीख आणि नाव कापलं जाणार नाही असं कापा, शेवटच्या गोळीपर्यंत नाव तिच्यासोबत राहायला हवं. स्वयंपाकघरात गॅसजवळ किंवा न्हाणीघरात डबा नको. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजच्या खणात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. लेकरांच्या हाताला लागणार नाही इतकं उंच.

स्वस्त हवं असेल तर बारीक नाव आणि मि.ग्रॅ. दोन्ही कागदावर लिहा आणि जनऔषधी केंद्रात विचारा. तिथं तेच औषध त्याच नावानं मिळतं.

आणि एक काम आजच करा. प्रत्येक रोजच्या गोळीच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूरग्रस्तांच्या निवाऱ्यात मी दोन दिवस गोळ्या वाटायला बसले होते. नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडलेली माणसं. एक आजी म्हणाल्या, "पांढरी, बारकी, गोल. बीपीची." माझ्यापुढच्या खोक्यात तशा सहा होत्या. त्यांच्या लेकाचा फोन लागेपर्यंत त्या दुपारभर माझ्याशेजारी सतरंजीवर बसून होत्या, पदराला बांधलेल्या गाठीत एक रिकामा, नाव कापलेला तुकडा घेऊन. तेव्हापासून पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की आमच्या घरी औषधांचा डबा प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून दाराच्या मागच्या खुंटीला अडकवलेला असतो. आत आठ दिवसांच्या गोळ्या, चिठ्ठ्यांच्या प्रती, ओआरएसच्या चार पुड्या आणि मामांचा शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट.